दोनशेचा रियाल

माझा नवरा बारा वर्षं मस्कतला होता. लिहिताना मी त्याला "तो" म्हणते आहे, तोंडावर कधी म्हटलेलं नाही. आमच्याकडे नवऱ्याला "तुमी" म्हणतात आणि मीही तेच म्हणत आले. त्या बारा वर्षांत मी शाळेतून घरी आले की चपला काढायच्या आत सासूबाई विचारायच्या, "आज कितको?" चहा घेतलास का, पायी आलीस की बस मिळाली, हे सगळं त्यानंतर. कितको म्हणजे ओमानच्या एका रियालला आज किती रुपये मिळतात. उत्तर द्यायचं काम माझं होतं, कारण घरात वर्तमानपत्र फक्त माझ्याच हातात पडायचं.

गोव्यात साखळीच्या एका शाळेत मी ग्रंथालयात मदतनीस आहे. सकाळी पोहोचलं की आलेली वर्तमानपत्रं लावून ठेवायची हे पहिलं काम. ती लावता लावता मी आतलं व्यापाराचं पान उघडायची. रियालचा भाव त्यात नसायचाच, डॉलरचा असायचा. सुरुवातीला मी हताश झाले, तेव्हा आमच्या गणिताच्या मास्तरांनी युक्ती सांगितली. ओमानवाल्यांनी आपला रियाल डॉलरला बांधून ठेवलेला आहे, तो हलत नाही, तेव्हा डॉलरच्या भावाला दोन पूर्णांक सहा दशांशानं गुणा, झालं. तेव्हापासून मी तो गुणाकार वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं करायची आणि खोडून टाकायची. एकदा खोडायचा राहिला तर हेडमास्तरांना वाटलं, कोणी मुलं पेपरावर गणितं सोडवतात.

घरी आले की तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहायची. दुधाचा रतीब, गॅसचा सिलिंडर कधी लावला, कोणाचं लग्न, कोणाचं बारावं, हे सगळं त्याच चौकटीत असतं. त्यातच वरच्या कोपऱ्यात रियाल. वर्ष संपलं की बायका कॅलेंडर फाडून पुस्तकांना कव्हरं घालतात. मी ती गुंडाळून कपाटावर ठेवत गेले. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला जुना कागद टाकवत नाही, याहून मोठं कारण नव्हतं.

तो मस्कतला का गेला ते सांगायला हवं. त्याचा स्वतःचा टिप्पर होता. सुर्ल्याच्या खाणीवरून खनिज भरायचं आणि नदीवरच्या धक्क्यावर बार्जसाठी ओतायचं, दिवसाला जमतील तितक्या फेऱ्या. घरात, कपड्यांत, पावाच्या पिशवीतसुद्धा लाल धूळ. पण गाडी स्वतःची होती आणि तिच्या पुढच्या काचेवर मुलीचं नाव होतं. मग एक दिवस खाणी बंद झाल्या. आमच्या गल्लीत एकाच ओळीत सात टिप्पर उभे राहिले, आणि त्यांच्या चाकांच्या मधून पावसाळ्यात टाकळा उगवला. आम्ही त्याची भाजीही केली. वर्षभर वाट बघून त्यानं गाडी मातीमोल भावानं विकली, आणि एका ओळखीतून मस्कतला पाण्याचा टँकर चालवायची नोकरी मिळाली. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तो गेला त्या दिवशी रियाल एकशे चाळीस होता. हा आमच्या कॅलेंडरातला पहिला आकडा.

पेडण्याला माझ्या माहेरी आखातात आणि बोटीवर गेलेल्यांची घरं पुष्कळ आहेत. तिथल्या बायका या शास्त्रात तयार झालेल्या. त्यांनी मला पहिला धडा दिला: पगार झाला की लगेच पैसे पाठवायला सांगू नकोस. रुपया पडला की पाठवायला सांग, तेवढ्याच रियालचे जास्त रुपये होतात. मला ते पटलं. नवऱ्यालाही पटलं. आणि मग त्याच पहिल्या वर्षी आम्ही जो मूर्खपणा केला, त्याची आठवण झाली की अजून माझ्या तोंडाला कडू चव येते.

त्या पावसाळ्यात रुपया नुसता गडगडत होता. टीव्हीवरचे लोक सुतक पडल्यासारखी तोंडं करून बोलायचे आणि आमच्या घरात आनंदीआनंद. दीडशे, एकशे साठ, एकशे सत्तर. शेजारच्या गल्लीत दोन घरांतली माणसं दुबईला होती, त्या बायका आणि मी नळावर भेटलो की एकमेकींकडे बघून हसायचो. देश बुडतो म्हणून हसणाऱ्या बायका जगात दुसरीकडे कुठे असतील का, देव जाणे. गणपतीची चवथ दहा-बारा दिवसांवर आली तेव्हा माझा गुणाकार एकशे अठ्ठ्याहत्तरवर गेला. नवऱ्यानं तीन महिन्यांचा पगार न पाठवता राखून ठेवला होता. शुक्रवारी त्याला सुटी, त्या दिवशी फोन यायचा. मी धावतच सांगितलं, एकशे अठ्ठ्याहत्तर झालाय.

"एकशे ऐंशी होवंदी," तो म्हणाला. "मगे धाडतंय."

मी काय म्हणाले? मीही म्हणाले, होवंदी. दोन रुपयांसाठी. चवथीला तो एकशे अडुसष्टवर आला. आम्ही म्हटलं, परत चढेल. दसऱ्याला एकशे साठ. शेवटी घराच्या कौलांचं काम अडलं तेव्हा त्यानं एकशे साठलाच पैसे सोडले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलं की काय होतं ते आजवर म्हणीत ऐकलं होतं, ते आता कॅलेंडरात दिसलं. त्या वर्षी चवथीला गणपतीवरच्या लाकडी माटोळीला बांधायला विकतची फळं आणली नाहीत. परसातली तोरिंजनं, म्हणजे मोठी लिंबं, आणि सुपारीचे घोस बांधले आणि वर "यंदा साधीच बरी" असं लोकांना सांगितलं.

सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी ठरवलं, देवीला विचारायचं. आमच्याकडे कौल घेतात. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात, उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, घर, विहीर, आजारपण, काहीही विचारतात. रियाल कोणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

पुजाऱ्यानं पाकळ्या लावल्या आणि विचारलं, काय गाऱ्हाणं घालू?

"रियाल वर जावंदी म्हणान सांग."

पुजारी शिकलेला होता. "आक्का, रियाल वर म्हणजे रुपयो खाली मगो?"

"व्हय."

"मगे आमचो रुपयो पडांदी म्हणान देवीक सांगू? हंय उभो रवान?"

सासूबाई जराही डगमगल्या नाहीत. "तू रियाल वर जावंदी इतक्याच सांग. रुपयाचा काय ता रुपयो बघीत."

त्यानं सांगितलं. उजवी पाकळी टपकन पडली. सासूबाईंनी विजयानं माझ्याकडे पाहिलं. पुढच्याच आठवड्यात रियाल आणखी दोन रुपयांनी उतरला. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं: देवीनं होकार दिलाय, कधी ते आपण विचारलंच नाही. आणि खरं सांगायचं तर देवी चुकली नाही. त्यानंतरच्या वर्षांत तो चढतच गेला.

गणिताच्या मास्तरांनी मला एकदा समजावलं होतं की रियाल चढतबिढत नाही, तो आहे तिथेच आहे, उतरतो तो आपला रुपया. मी घरी येऊन सासूबाईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, मास्तराला म्हणावं, मस्कतला जाऊन बघून ये. मलाही आत कुठेतरी वाटायचं की रियालच चढतो. रुपया उतरतो म्हटलं की तेल, गॅस, डाळ आठवते आणि मग आनंद करायचा कसा हा प्रश्न येतो. दर महिन्याला वाणसामानाच्या दुकानात आम्ही वाढलेल्या रियालातले पैसे परत देऊन येत होतो, पण त्याचं कॅलेंडर कोणी ठेवत नाही.

आता फोनबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पहिली दोन-तीन वर्षं फोन बाहेरच्या खोलीत मेजावर होता. शुक्रवारी जेवणाच्या वेळेला तो वाजायचा आणि सगळं घर गोळा व्हायचं. पुढे आमच्या घरात मोबाईल आले, पण त्यानं फरक पडला नाही, कारण सासूबाई म्हणायच्या, "स्पीकर लाव, माका आयकाक येणा नाय." आणि त्यांचंही बरोबर होतं, मुलगा त्यांचा होता. पण सासू बाजूला खुर्चीवर, मुलगी मांडीला टेकलेली, कधी दारात शेजारीण, अशा वेळी बायकोनं नवऱ्याशी काय बोलायचं? आमच्याकडे बायका नवऱ्याला चारचौघांत "जेवलात काय" एवढंही लाजत विचारतात. घरात एकटी असताना मी फोन करू शकले असते, हे खरं. पण बारा वर्षांच्या सवयीनं माणूस एकटा असतानाही चारचौघांतल्यासारखाच बोलतो.

तेव्हा मी रियाल सांगायची. मोठ्यानं, सगळ्यांसमोर सांगता येईल अशी ती एकच गोष्ट माझ्याकडे होती. आठवडाभराचे आकडे पाठ करून ठेवायची आणि फोन वाजला की धडाधड म्हणायची, सोमवारी इतका, बुधवारी इतका, काल थोडा पडला, आज परत वर. माझा आवाज चढायचा. मुलगी म्हणायची, आई, तू बातम्या देतेस का? मला तो आकडा सांगताना बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ तो माझ्याशी बोलत असायचा. मग फोन सासूबाईंकडे जायचा, मग मुलीकडे, आणि मग त्याच्या फोनकार्डातले पैसे संपायचे.

तो दोन वर्षांतून एकदा यायचा, दीड महिना. आला की पहिले आठ दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला परत जाताना त्यानं बॅग भरता भरता सांगितलं, "दोनशे झालो काय कायमचो येतंय." हिशेब त्यानं मांडलेला होता. रियाल दोनशे झाला की साठवलेल्या पैशांत एक टेम्पो येईल, परत स्वतःची गाडी. मधे खाणी थोड्या चालू झाल्या होत्या, पुन्हा बंद पडल्या, तेव्हा टिप्परचं नाव आम्ही कोणी काढत नव्हतो. तेव्हा रियाल एकशे पंचाहत्तरच्या आसपास होता. दोनशे म्हणजे लांब होतं, पण आकडा होता. नुसतं "येईन" यापेक्षा मला तो बरा वाटला. आपण रोज मोजू शकतो अशी तारीख मिळाली, असं वाटलं.

मी देवीला काही विचारलं नाही, पण रोज सकाळी शाळेत त्या पानावर जाताना मनात म्हणायची, पड बाबा. रुपया पडावा म्हणून मी मनापासून प्रार्थना केली आहे, हे आज लिहून टाकते. एकशे ऐंशी, एकशे पंच्याऐंशी. एकशे नव्वद झाला त्या दिवशी मी शाळेतल्या बायांना भजी आणली. कशाबद्दल विचारलं तेव्हा सांगितलं, असंच.

आणि दोनशे झाला. कधी झाला? सगळं जग बंद पडलं तेव्हा. शाळा बंद, बस बंद, वर्तमानपत्र येत नव्हतं. मी मोबाईलवर डॉलरचा भाव काढला आणि कागदावर गुणाकार केला. पुन्हा केला. दोनशे. शुक्रवार नव्हता तरी मी फोन लावला. तो कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत अडकलेला होता, आठ माणसं एका खोलीत, बाहेर जायची बंदी.

"दोनशे झालो," मी म्हणाले.

तो म्हणाला, "विमानां बंद आसत."

आणि आम्ही दोघं हसलो. सासूबाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं, आणि मला हसू आवरेना. मग मी आत जाऊन तोंड धुतलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्या महिन्यात त्याला पगारही अर्धाच मिळाला.

विमानं सुरू झाली तोवर रियाल एकशे नव्वदवर आला होता. तो सुटीवर आला, पण कायमचा नाही. "परत दोनशे होवंदी." मी "होवंदी" म्हणाले. दीड-दोन वर्षांनी परत दोनशे झाला, आणि थांबला नाही, दोनशे दहा, पंधरा. मी शुक्रवारी सांगत होते आणि वाट बघत होते की आता म्हणेल, आता म्हणेल. तो म्हणाला, "आता वरच जातलो. आणि एक वर्स काढतंय." मी म्हणाले, बरं. दुसऱ्या वर्षी दोनशे वीस. "ह्या घडयेक नोकरी सोडूक बरा नाय." मी म्हणाले, बरं. मला राग आला होता का? आला होता. पण तो कोणावर काढायचा ते समजत नव्हतं, म्हणून मी तो रुपयावर काढला आणि मुलीवर काढला.

मुलगी एव्हाना कॉलेजात कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला एक प्रकल्प करायचा होता, रुपया आणि कुठलंही एक परदेशी चलन घ्या आणि दहा वर्षांच्या दरांचा आलेख काढा. वर्गातल्या सगळ्यांनी इंटरनेटवरून डॉलर उतरवून घेतला. ही म्हणाली, आमच्या घरी रियाल आहे. कपाटावरची बारा कॅलेंडरं तिनं खाली काढली, धूळ झटकली आणि बाहेरच्या खोलीत जमिनीवर पसरून बसली. दोन दिवस ती आकडे लॅपटॉपवर चढवत होती आणि मधूनच हसत होती. "आई, हंय बघ, 'दूध नाही, गाय आटली, एकशे एकसष्ट.'"

तिसऱ्या दिवशी ती हसायची थांबली. मी भाकऱ्या करत होते, तिनं लॅपटॉप स्वयंपाकघरात आणला. आलेखाची रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. त्या रेघेवर तिनं लाल ठिपके दिले होते. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, तू चौकटीत लिहिलंयस ना, "येणार", आणि मग काही दिवसांनी ते खोडून "रद्द". ते मी मांडलंय. मला आठवतही नव्हतं की मी ते लिहीत होते. सात ठिपके होते. सात वेळा तो कायमचा यायचं ठरलं होतं आणि रद्द झालं होतं.

"बघ," ती म्हणाली. "हे चार रियाल चढत होतो तेव्हाचे. बाबा म्हणाले, चढता आसा, इतक्यात कित्याक येवचा. हे तीन उतरत होतो तेव्हाचे. बाबा म्हणाले, उतरलो, परत चढूंदी." तिनं लॅपटॉप ओट्यावर ठेवला. "चढलो तरी येणत नाय, उतरलो तरी येणत नाय. मगे तेंच्या येवच्याचो आणि रियालाचो संबंध काय?"

भाकरी तव्यावर करपली. ती उलटायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

मग तिनं तिच्या मास्तरांच्या सुरात विचारलं, बाबा रद्द म्हणतात तेव्हा तू काय म्हणतेस? मी म्हटलं, बरं म्हणते. आणि त्याच्या आधी? आधी रियाल सांगते. आणि "येवा" कधी म्हणतेस?

मी आठवून बघत होते. वीस वर्षांच्या मुलीसमोर उभं राहून मी बारा वर्षांचे शुक्रवार आठवून बघितले. पैसे मिळाले म्हटलं होतं. तब्येत सांभाळा म्हटलं होतं. आईंना तुमची आठवण येते हो, असंही म्हटलं होतं. "येवा" म्हटलेलं आठवेना. मला वाटायचं, ते काय सांगायचं, त्याला कळत नाही का? आणि त्याला यायचं असतं तर तो आला असता, त्याला तिथे पैसा गोड लागलाय, आपण कशाला तोंड वेंगाडायचं, असंही वाटायचं. माझा ताठा काही कमी नाही. माहेरी म्हणतातच, हिच्या नाकावर माशी बसत नाही.

त्या शुक्रवारी मी शाळेतून वर्तमानपत्राचं ते पान न उघडता घरी आले. फोन वाजला. सासूबाई खुर्चीवर होत्याच, स्पीकर चालू होता.

"कितको झालो?" त्यानं विचारलं.

"माका म्हायत नाय," मी म्हणाले. "तुमी येवा."

"कोण आजारी आसा? आवशीक काय झाला काय?"

"कोणाक काय झाला नाय."

"मगे कित्याक?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मुलगी दारात उभी होती. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी, आणि नवऱ्याशी बोलायला लाजत होते. पण मी बोलले. "माका तुमी घराकडे होये म्हणान."

सासूबाई उठल्या. त्यांच्या गुडघ्यांना उठायला वेळ लागतो, तरी उठल्या, आणि "माका तुळशीक पाणी घालूचा आसा" असं म्हणून बाहेर गेल्या. दुपारचा दीड वाजला होता. तुळशीला पाणी त्या सकाळी सातला घालतात.

त्यानं राजीनामा दिला. नोटिशीचे दोन महिने काढून तो मोप्याच्या माळावरच्या विमानतळावर उतरला, माझ्या माहेराहून तो माळ दिसतो. रियाल त्या दिवशी किती होता ते मला ठाऊक नाही, मुलीनं सांगितलं की दोनशे तीसच्या वर गेलाय आणि अजून चढतोय. घरी आल्यावर पहिले काही दिवस तो पाहुण्यासारखा वागला. पाणी हवं असलं की "ग्लास खंय असतत?" विचारायचा. आपल्याच घरात माणूस भांडी कुठे ठेवतात ते विचारतो, हे ऐकलं की मी चिडायची आणि मग चिडले म्हणून मला वाईट वाटायचं. टेम्पोचं बघतोय. बघून येतो, किमती सांगतो, घेत नाही.

एका सकाळी आम्ही दोघंच मागच्या पडवीत होतो. तो सुपारी सोलत होता आणि मी मासे साफ करत होते. मी विचारलं, जे मला त्या शुक्रवारपासून विचारायचं होतं. इतकी वर्षं का राहिलात?

त्यानं सुरी खाली ठेवली नाही. सुपारी सोलत सोलतच बोलला. "तू रियाल सांगी तेव्हा इतक्या खुशीन सांगी. फोन घेतल्याबरोबर पयलो तोच. माका वाटला, मी थंय रवतंय ताच तुका बरा." मग पुढची सुपारी उचलत म्हणाला, रागानं नाही, भाव सांगावा तसा, "तू पयल्या वर्सा येवा म्हटलं असतंस, तर मी पयल्याच वर्सा इलो असतंय."

मी मासे साफ करत राहिले. पहिल्या वर्षी मुलगी आठ वर्षांची होती, माझे केस काळे होते.